राजेसाहेबांचा एसी आणि टिटवीची अंडी

एका जंगलात वीज आली होती.

जंगलात वीज कशी, असं विचारणाऱ्या शहाण्या मुलांनी खुशाल बाहेर जाऊन खेळावं. सिंह बोलतो ते तुम्हाला चालतं, कोल्हा पागोटं घालतो तेही चालतं, आणि दिवा लागला की लगेच शंका! आली होती म्हणजे आली होती. डोंगरावर धबधबा होता, धबधब्याखाली चाक होतं, आणि त्या चाकापासून निघालेली एकच एक बारीक तार झाडाझाडांवरून सगळ्या रानात फिरली होती. ढोलीत दिवा, बिळात दिवा, वारुळावर दिवा, आणि माळावरच्या खांबावर सगळ्या रानाला दिसेल असा एक दिवा. घुबडं तेवढी वैतागली, पण घुबडांना विचारतो कोण?

त्या रानात एक चाल होती. दिवेलागणीला दिवा लागला की हातातलं काम टाकायचं, उभं राहायचं, खांबावरच्या दिव्याकडे तोंड करायचं, डोळे मिटायचे आणि दिव्याला नमस्कार करायचा. तुमच्या घरी बटण दाबल्यावर आई करते ना, तसाच. फार चांगली चाल आहे. तिला नावं ठेवायची नाहीत.

पुढे काय झालं, राजेसाहेबांनी एसी घेतला.

राजेसाहेब म्हणजे सिंह, हे सांगायला नको. दिवसभर दौरा करून संध्याकाळी गुहेत आले की त्यांना आयाळीखाली फार उकडायचं. त्यांच्या वडिलांनाही उकडायचं, पण वडील आपले झाडाखाली बसायचे. यांनी एसी घेतला. तोही साधासुधा नाही, गुहेचं अर्धं तोंड भरेल एवढा. आणि जोडला कुठं? त्याच बारीक तारेला.

आता नीट ऐका, इथं थोडं विज्ञान आहे. पंगतीत एकदम हत्ती येऊन बसला तर वाढपी काय करतील? भाताची पातेली घेऊन सगळे त्याच्याकडे धावतील. तोवर आपल्या पानात काही पडत नाही. त्याचा पहिला सपाटा ओसरला की मग वाढपी आपल्याकडे वळतात. एसीचं तसंच. सुरू होताना तो वीज अशी काही ओढायचा, की रानातले सगळे दिवे पिवळे पडून मिणमिणायला लागायचे. जरा वेळानं पुन्हा पहिल्यासारखे व्हायचे.

पहिल्यासारखे झाले म्हणजे दिवा आला. दिवा आला म्हणजे नमस्कार. झालं! सगळं रान पुन्हा उभं राहून डोळे मिटायचं.

अशाच एका नमस्कारात अनसूया टिटवीचं अंडं नाहीसं झालं.

टिटवी काही झाडावर घरटं बांधत नाही. ती उघड्या माळावर, खड्यांत अंडी घालते. अनसूयेनं मुद्दाम दिव्याच्या खांबाखालची जागा धरली होती. उजेडात कुणी चोर यायचा नाही, असं तिचं म्हणणं. अंडी चार होती, खड्यांच्याच रंगाची. त्या संध्याकाळी दिवा मंद झाला, पुन्हा आला. बसल्या बसल्या नमस्कार करू नये, म्हणून अनसूया अंड्यांवरून उठली. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं पंख जोडले, डोळे मिटले, डोळे उघडले. तीनच अंडी!

"अहो, एक अंडं कुठंय?"

"असेल इथंच. खड्यांत मिसळलं असेल." टिटवा फार शांत स्वभावाचा होता. त्यानं चोचीनं थोडी उकराउकर केली आणि एक गोल वस्तू पुढे ढकलली. "हे बघ, सापडलं."

"अहो, हा खडा आहे."

"असं होय? पण चांगला आहे हं."

अनसूयेनं कपाळावर पंख मारून घेतला. दुसऱ्या दिवशी तिनं ठरवलं, आज काही झालं तरी डोळे मिटायचे नाहीत. संध्याकाळ झाली. राजेसाहेब आले. एसी घुर्र झाला. दिवा मंद झाला, पुन्हा आला. आणि सवय ती सवय! पाय आपोआप उभे राहिले, पंख आपोआप जोडले गेले, पापण्या दाराच्या फळीसारख्या खाली आल्या. तिनं जिवाच्या आकांतानं एक पापणी रेटून वर केली. तिला दिसलं काय? एक झुपकेदार शेपूट, आणि शेपटीच्या पुढे दोन पायांवर चालत, अंडं छातीशी धरून निघालेले शुभानराव मुंगूस.

शुभानराव रानातलं बडं प्रस्थ. का? तर मुंगूस दिसणं शुभ असतं. शुभानराव सकाळी नुसता रस्ता ओलांडून गेले की प्राणी दिवसभर खूश. कुणाचं लग्न ठरायचं असलं, तर त्यांना मुद्दाम बोलावून अंगणातून इकडून तिकडे पळवायचे. बाकी काही काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

आणि टिटवी? टिटवी ओरडणं अशुभ. आता बघा मजा.

अनसूया जीव तोडून ओरडली. "चोर! चोर! माझं अंडं नेलं!"

सगळ्या रानात दारं धडाधड लागली. शेजारच्या अस्वलकाकू कानावर पंजे ठेवून बाहेर आल्या. "अगं बाई, दिवेलागणीला कशाला ओरडतेस? कुणीतरी मरेल ना!"

"मेलंच आहे काकू! माझं अंडं गेलं. शुभानरावांनी नेलं. मी या डोळ्यांनी बघितलं."

"तुला शुभानराव दिसले?" काकूंचा चेहरा उजळला. "आणि तेही संध्याकाळच्या वेळी? अगं, नशीब काढलंस! आम्हाला महिना झाला दर्शन नाही."

अनसूया रडकुंडीला आली. आता दोनच अंडी उरली होती. राजेसाहेब आणखी दोनदा घरी आले की संपलं. डोळे उघडे ठेवणं काही जमत नव्हतं, ना तिला, ना नवऱ्याला. अंडी उचलून दुसरीकडे न्यावीत, तर तार सगळीकडे तीच होती. मग राहिलं काय? दिवा मंद होणं थांबवायचं. तो मंद झालाच नाही, तर परत येणार नाही, आणि परत आला नाही तर नमस्कार नाही. दिवेलागणीच्या पहिल्या नमस्काराची भीती नव्हती, कारण त्याआधी मावळतीचा उजेड असायचा आणि चोराला न दिसता जवळ येता यायचं नाही.

ती सकाळीच हरबा वानराकडे गेली. हरबा रानाचा वायरमन. म्हणजे रानातली एकमेव पक्कड त्याच्याकडे होती, आणि त्या पकडीनं तो शेंगा फोडायचा.

"हरबादादा, राजेसाहेबांचा एसी लागला की दिवे का मंद होतात?"

"तार बारीक आहे," हरबा शेंग फोडत म्हणाला. "एसीला वेगळी जाड तार टाकायला पाहिजे होती, थेट धबधब्यापासून."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"मला? सगळ्यांना माहीत आहे. त्या अस्वलकाकूंनाही माहीत आहे."

"मग टाका ना तार!"

"वरून सांगायला पाहिजे."

"दादा, तुम्ही रानातल्या सगळ्यात उंच झाडाच्या शेंड्यावर बसलाय. तुमच्या वर कोण आहे आणखी?"

हरबानं वर बघितलं. वर एक ढग होता. त्याकडे तो बराच वेळ आदरानं बघत राहिला आणि मग त्यानं दुसरी शेंग घेतली.

अनसूया अस्वलकाकूंकडे गेली. चार जणींनी मिळून राजेसाहेबांना सांगू, म्हणाली. काकूंनी जीभ चावली. "भलतंच काय! अगं, दिवा मंद झाला की आम्हाला कळतं राजेसाहेब सुखरूप घरी आले. मी तर तेव्हाच भात टाकते. तार बदलली तर माझा भात चुकेल."

तुम्ही हसताय. पण तुमच्या घरीही असली घड्याळं असतील, नीट बघा.

शेवटी अनसूया एकटीच दरबारात गेली. आपला आवाज अशुभ आहे हे माहीत असल्यामुळे ती अगदी हळू बोलली. दिवा कसा मंद होतो, सगळे नमस्कार कसा करतात, तेवढ्यात अंडं कसं जातं, सगळं सांगितलं.

राजेसाहेबांनी जांभई दिली. "आमच्या गुहेत तर दिवा मंद होत नाही."

"महाराज, तुमचा दिवा बॅटरीवर आहे."

"असेल. आणि अंड्याचं काय एवढं? पुन्हा घाल." मग एकदम त्यांचे कान टवकारले. "थांब. काय म्हणालीस? आम्ही एसी लावला की सगळं रान उभं राहून हात जोडतं?"

"हो महाराज, पण माझी अंडी..."

"सगळं रान? रानडुकरंसुद्धा?" राजेसाहेबांच्या मिशा थरथरल्या. "अरे, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही! वा! वा! आम्ही दिवसातून दोनदा एसी लावू!"

दिवसातून दोनदा! आली होती अंडी वाचवायला, आणि उद्या संध्याकाळच्या आत दोन्हीची वाट लावून निघाली होती. तिनं डोळे पुसले. आणि मुलांनो, आई घाबरली ना, की तिचं डोकं फार भराभर चालतं.

"जोडतात ना महाराज," ती म्हणाली. "दिव्याला."

राजेसाहेब पुढे वाकले.

"दिव्याला?"

"दिव्यालाच, महाराज. वीज ओढता तुम्ही, नमस्कार घेतो तो खांबावरचा एवढासा दिवा. आणि खांब आहे माळाच्या पार पलीकडच्या टोकाला. त्यामुळे नमस्कार करताना सगळ्यांची पाठ तुमच्या गुहेकडे असते. रानडुकरांचीसुद्धा."

राजेसाहेबांनी अशी डरकाळी फोडली की हरबा शेंगांसकट खाली पडला. तो आयताच सापडल्यामुळे हुकूम त्यालाच झाला. आजच्या आज जाड तार टाका! आमच्या विजेवर दुसऱ्यानं नमस्कार घेतलेला चालणार नाही!

दुपारपर्यंत तार पडली. हो, दुपारपर्यंत. इतकी वर्षं ते काम अवघड होतं, त्या दिवशी सोपं झालं.

संध्याकाळी राजेसाहेब आले. एसी घुर्र झाला. अनसूया अंड्यांवर अंग आवळून बसली होती. दिवा हललासुद्धा नाही. खुंटीला टांगल्यासारखा लख्ख उजेड. माळाच्या कडेला शुभानराव पुढचा पाय उचलून उभे होते. त्यांनी बराच वेळ वाट बघितली, मग पाय खाली ठेवला आणि उपाशी परत गेले. अनसूया हमसून हमसून रडली. आनंदानं रडली. टिटव्यानं तिला काय झालं ते विचारलं, आणि तिला बरं वाटावं म्हणून तोच चांगला खडा पुन्हा आणून दाखवला.

काही दिवस छान गेले. म्हणजे टिटवीचे. राजेसाहेबांचे नाही.

राजेसाहेब यायचे, एसी लागायचा, आणि रानात कुणाला पत्ता नसायचा. एकदा ते अस्वलकाकूंच्या दारावरून चालले होते. काकू आतून काकांना सांगत होत्या, "राजेसाहेब हल्ली परगावी असतात वाटतं. दिवे कसे स्वच्छ आहेत बघा! माझा भात मात्र रोज करपतो." राजेसाहेबांना ते लागलं. गुहेत गारेगार हवा होती, पण त्यांना झोप लागेना. जिचा कुणाला त्रास नाही, ती गार हवा काय कामाची?

नेमके तेव्हा शुभानराव भेटायला गेले. ते फार वाळले होते. "महाराज," ते म्हणाले, "पूर्वी तुम्ही आलात की रानाच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. याला म्हणतात राज्य! आता दिव्यांना तुमची काडीची भीती उरली नाही."

"पण नमस्कार दिव्याला जायचा रे."

"खांब उपटून गुहेच्या दारात रोवू या की. तोंडं आपोआप तुमच्याकडे होतील. आणि जुन्या तारेवर एक खटका बसवू. तुमची चाहूल लागली की दाबून धरायचा, दिवे मंद. सोडला की दिवे लख्ख, आणि सगळे हात जोडून उभे. खटका हवा तर मी सांभाळीन. फुकट सांभाळीन!"

ही बातमी अनसूयेच्या कानावर गेली आणि ती धावत, उडत, ठेचकाळत दरबारात पोचली. सांगायचं ठरवून आली होती की महाराज, हे करू नका, दिवे आहेत तसे राहू द्या, पुन्हा सगळं तेच होईल. पण दरबारात शिरताना तिनं बघितलं, खटका आधीच बसला होता. गुहेच्या दारात आणून रोवलेल्या खांबाजवळ उंच चौथरा बांधला होता. चौथऱ्याला चारी बाजूंनी बोराटीचे काटे लावले होते, उगाच कुणी खटक्याला हात लावू नये म्हणून. मुंगसाचं पोरसुद्धा आत शिरलं नसतं. अनसूया त्या काट्यांकडे बघत राहिली.

"बोल, टिटवे," राजेसाहेब म्हणाले.

"महाराज," अनसूया म्हणाली, "खटका मी दाबते."

शुभानराव ताडकन उठले. "ही? अहो, ही अशुभ आहे!"

"दिवा मंद करायला शुभ माणूस कशाला लागतो?" राजेसाहेब म्हणाले. "शिवाय नमस्कार चोरीला जातोय, हे आम्हाला हिनंच सांगितलं. हिच्यासारखी निष्ठावान आम्हाला दुसरी कोण मिळणार? ठरलं."

तर अशी अनसूया टिटवी चौथऱ्यावर गेली. दोन्ही अंडी तिनं खटक्याशेजारी मांडली. टिटवा काट्यांच्या दारात पहारेकरी म्हणून उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खडा दाखवू लागला. रोज संध्याकाळी राजेसाहेबांची पावलं वाजली की अनसूया एका पायानं खटका दाबायची. दिवे मिणमिणायचे. सगळं रान गुहेकडे तोंड करून आधीच डोळे मिटून तयार राहायचं, आणि खटका सोडला की नमस्कार करायचं. अस्वलकाकूंचा भात पुन्हा वेळेवर व्हायला लागला, आणि त्या सगळ्यांना सांगत सुटल्या की अनसूया पहिल्यापासूनच हुशार. तिच्या ओरडण्यालाही आता कुणी अशुभ म्हणेना. काही जण तर पहाटे मुद्दाम ऐकायला यायचे.

शुभानरावही हळूहळू पुन्हा गुटगुटीत झाले. कशानं झाले, ते अनसूयेनं विचारलं नाही.

एका संध्याकाळी काट्यांबाहेर सगुणा लावी येऊन उभी राहिली. लावी म्हणजे गवतात राहणारा एवढासा पक्षी, उडण्यापेक्षा पळणारा.

"ताई, माझं अंडं गेलं. कालही गेलं, परवाही गेलं. दिवा मंद होतो, परत येतो, नमस्कार करते, आणि डोळे उघडले की... ताई, आता एकच राहिलंय. कुणाला सांगू? मला वाटलं, तुम्हाला कळेल."

अनसूयेला कळत होतं. अगदी सगळं कळत होतं. तिला वाटलं खाली उतरावं आणि या लावीला पंखाखाली घ्यावं. आज नाही दाबला खटका तर? तर उद्या खटका शुभानरावांकडे, आणि आपली दोन अंडी पुन्हा माळावर, उघड्या खड्यांत. तेवढ्यात तिच्या पोटाखाली काहीतरी टकटकलं. आतून. एका अंड्याला चीर गेली होती.

रस्त्यावर राजेसाहेबांची पावलं वाजली.

"सगुणा," अनसूया म्हणाली. "अगं, अशी काय उभी? महाराज येतायत. तोंड गुहेकडे कर आणि डोळे नीट मीट."

"पण ताई, माझं..."

"मीट म्हटलं ना!"

लावीनं डोळे मिटले. अनसूयेनं खटका दाबला. सगळं रान मिणमिणलं, आणि त्या मिणमिणत्या उजेडात चिरलेल्या अंड्यातून एक ओलं, मातकट, काडीसारख्या पायांचं पिल्लू धडपडत बाहेर आलं. असं सुंदर पिल्लू अनसूयेनं जन्मात बघितलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघतच राहिली. खटक्यावरचा पाय काढायचं तिला भानच राहिलं नाही.

दिवे फार वेळ मंद राहिले. सगळ्या रानानं डोळे मिटून वाट बघितली. आणि खाली गवतात, शुभानरावांना त्या दिवशी अजिबात घाई करावी लागली नाही.

आता तात्पर्य सांगतो, कारण ते ऐकल्याशिवाय तुम्ही जागचे उठणार नाही:

घरातले दिवे मंद होत असतील, तर तार बदलण्याच्या भानगडीत पडू नये. ती बदलली तर सगळ्यांचीच सोय होते, आणि मग आपल्याला कोण विचारणार? खटका कुठं आहे ते शोधावं, आणि त्यावर लवकरात लवकर आपला पाय ठेवावा.